दादाचं रक्त

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला वॉर्डात गाठलं नाही. आपल्या खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. दार लावून बोलतात तेव्हा काय असतं, हे इतक्या महिन्यांत त्याला कळून चुकलं होतं. पण बाईंनी विचारलं ते भलतंच.

"बाहेर कुठं रक्त दिलं होतं का तुमच्या बायकोला? पुरुषाचं?"

"दिलं होतं. तिच्या भावाचं."

"सख्खा भाऊ?"

"सख्खा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. बायकोच्या स्वतःच्या रक्तपेशी आपण औषधांनी संपवल्या होत्या, कारण आजार त्यांच्यातच होता. त्या जागी बहिणीच्या पेशी घातल्या, त्या रुजल्याही होत्या. आता त्याही संपत आल्या आहेत. रक्तात ज्या सापडताहेत त्या तिसऱ्याच माणसाच्या आहेत, आणि तो माणूस पुरुष आहे.

"भावाच्या रक्ताबरोबर त्याच्या लढणाऱ्या पेशी आत गेल्या. नात्याचं ताजं रक्त यात सगळ्यात वाईट. थोडं जुळतं, म्हणून शरीर त्याला अडवत नाही. पण त्या पेशींना मात्र हे शरीर परकं वाटतं. त्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. बहिणीनं दिलेल्या पेशींवरसुद्धा."

"पण रक्त तर चांगलं होतं त्यांचं. धट्टाकट्टा माणूस आहे."

"चांगलं होतं म्हणूनच," बाई म्हणाल्या.

तो कुलूपवाला होता. नाक्यावरच्या एवढ्याशा दुकानात किल्ल्या घासायचा, बंद कुलपं उघडून द्यायचा. जवळपास जुळणारी किल्ली सगळ्यात वाईट, हे त्याला ठाऊक होतं. न जुळणारी आत जातच नाही. जवळपास जुळणारी जाते, अर्धी फिरते, आणि मग कुलूपच तोडावं लागतं.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"त्रास कमी करू. त्यापलीकडे फार काही हातात राहिलेलं नाही."

* * *

बायकोला रक्ताचा कर्करोग आहे असं निघालं, तेव्हा दोन्ही भावंडांना तपासणीला बोलावलं होतं. मोठा दादा आणि धाकटी. दादा टेम्पो चालवायचा, लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचा. कपाट एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस. हॉस्पिटलात आला तोच बाही वर करून. "काय लागेल ते काढा. माझ्यातलं अर्धं काढलं तरी मागे तुमच्याएवढा माणूस उरेल," असं त्यानं रक्त काढणाऱ्या पोराला सांगितलं.

निकाल आला. धाकटीच्या पेशी पूर्ण जुळत होत्या. दादाच्या अर्ध्याच.

"अर्ध्या?" दादा म्हणाला. "एका आईच्या पोटचे आम्ही. हिला अंगाखांद्यावर मी खेळवलं. आणि ही धाकटी चिमणी पूर्ण जुळते, मी अर्धा?"

"दादा, तू अंगानं दुप्पट आहेस ना, म्हणून सरासरी काढली त्यांनी," धाकटी म्हणाली. सगळे हसले. दादा हसला नाही. ते त्याच्या मनाला लागलं, आणि लागलं ते लागलंच.

धाकटी शाळेत पोहणं शिकवायची. पेशी वाढवणारी इंजेक्शनं तिनं घेतली, हाडं ठणकली तरी हूं की चूं केलं नाही. मग दोन्ही हातांत सुया घालून तिला यंत्राजवळ निजवलं. "भाऊजी, नाक खाजवा हो माझं," एवढीच तिची तक्रार. पिशवी भरली ती एवढीशी, फिकट लाल. त्याच दिवशी ती बायकोला लावली.

बायको तेव्हा काचेच्या खोलीत होती. आतली हवा गाळून सोडलेली, पाणी उकळलेलं, भेटायला जाणाऱ्याच्या तोंडाला मास्क आणि पायात पिशव्या. केस गेले होते, तोंडात फोड, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. तो रोज काचेबाहेर उभा राहून आत बघायचा. ती आतून खूण करायची, जा, दुकान उघड. एके सकाळी सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, पेशी वाढायला लागल्या. धाकटी तिथंच जिन्यात बसून रडली.

घरी सोडताना त्याच सिस्टरनं बजावलं होतं, "रक्त द्यायची वेळ आली तर आमच्याकडूनच न्यायचं. किरण दिलेलं, म्हणजे यंत्रात किरण सोडून त्यातल्या लढणाऱ्या पेशी मारलेलं. साधं रक्त हिला कुणी द्यायचं नाही, कुणी म्हणजे कुणी." त्यानं ते पाठ करून ठेवलं होतं.

* * *

पुढं बरेच महिने बरे गेले. डोक्यावर केस आले, लहान मुलासारखे मऊ. बाईंनी प्रवासाला परवानगी दिली, तसा तिनं धोशा लावला, दादाकडे जायचं. दादा रुसला होता. फोनवर नीट बोलायचा नाही. त्याच्या गावाला पोचायला तीन तास लागायचे. जाऊन पाहतात तर त्यानं बहिणीसाठी खोलीला नवा रंग दिलेला, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या, आणि आपल्या बायकोवर ओरडत होता की पाणी वीस मिनिटं उकळलं का पंधरा.

"या जावईबापू," दादा म्हणाला. "आमची बहीण आणलीत, उपकार झाले. आता तुम्ही परत गेलात तरी चालेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. मग आणखी एक. दादानं तिला उचललं आणि टेम्पोतच घालून गावातल्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरानं सलाईन लावलं आणि पोटातल्या जखमेवर औषध सुरू केलं. रक्तस्राव आवरत आला, पण ती कागदासारखी पांढरी पडली होती. रक्त लागणार होतं.

कुलूपवाल्यानं सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डॉक्टरानं शहाणपण दाखवलं, बाईंच्या मोठ्या हॉस्पिटलाला फोन लावला. पिशव्या तयार ठेवतो, असं तिकडून सांगितलं. "तुम्ही जाऊन घेऊन या," डॉक्टर म्हणाला. "तोवर मी सांभाळतो. अगदीच अडलं तर आमच्या रक्तपेढीतली पिशवी आहे."

तो निघाला. जाताना तिनं बोटांनी खूण केली, सावकाश.

बर्फाच्या डब्यात पिशव्या घेऊन तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. डबा छातीशी धरून खोलीच्या दारात आला आणि थबकला. बायकोच्या गालांवर रंग होता. ती उशीला टेकून बसली होती आणि हसत होती. शेजारच्या खाटेवर दादा पाय सोडून बसलेला, कोपराच्या आत कापसाचा बोळा दाबून धरलेला.

"या जावईबापू! उशीर केलात. काम झालं."

"काय झालं?"

"तुम्ही गेलात आणि हिला दरदरून घाम फुटला. डॉक्टर फ्रीजमधली पिशवी काढायला निघाला. मी म्हटलं, कुणाचं कोण जाणे, शिळं रक्त माझ्या बहिणीला? भाऊ इथं जिवंत उभा असताना? गट जुळला. एकदम जुळला, बरं का, अर्धा नाही! गरम गरम दिलं."

"किरण दिले होते का त्याला?"

"कसले किरण? भावाच्या रक्ताला काय उन्हात वाळवायचं?"

बायको म्हणाली, "अहो, आता माझ्या अंगात दादा शिरलाय. उद्यापासून मीपण टेम्पो चालवणार आणि रस्त्यावर सगळ्यांना शिव्या देणार."

दादा खो खो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. कुलूपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं डॉक्टराला बाहेर गाठलं. डॉक्टराची नजर जमिनीवर. "ते ऐकेनात," तो म्हणाला. "आणि सख्खा भाऊ आहे. काही होत नाही." डब्यातल्या पिशव्या तशाच राहिल्या.

घरी परतल्यावर पहिले काही दिवस ती खरोखर टवटवीत होती. मग एका सकाळी तिच्या तळहातांवर लाल ठिपके दिसले. ती म्हणाली, उष्णता. संध्याकाळी ते कानामागे होते, दुसऱ्या दिवशी छातीवर. मग ताप. मग पोट जायला लागलं ते थांबेना. डोळे पिवळे झाले. मोठ्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिच्या पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटत होती, आणि रक्ताच्या अहवालातला प्रत्येक आकडा खाली खाली चालला होता. म्हणून बाईंनी ती तपासणी करायला लावली.

* * *

बाईंच्या खोलीतून तो बाहेर आला आणि सरळ बायकोपाशी गेला. खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण ती त्याचा चेहरा वाचायची.

"काय म्हणाल्या?"

त्यानं सांगितलं.

"दादाला कळता कामा नये," ती म्हणाली.

"बाई म्हणतात, त्या गावच्या डॉक्टराशी त्या स्वतः बोलणार. घरच्यांना सांगायचं की नाही, ते आपण ठरवायचं."

"मग मी ठरवलं. तो वेडा होईल हो. कपाळ आपटून घेईल. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यानं मान हलवली. त्या क्षणी तिनं दुसरं काहीही मागितलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

दुसऱ्या दिवशी दादा आला. वॉर्डाच्या बाहेर, सगळ्यांसमोर त्यानं शर्टाची बाही वर केली. "माझं घ्या! मागच्या वेळी माझंच लागू पडलं होतं. गालावर लाली आली होती, विचारा यांना. घ्या म्हणतो ना! बघत काय बसलात?"

डॉक्टरीणबाईंनी कुलूपवाल्याकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं.

"आता रक्तानं भागणार नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, एकदा घेऊन तर बघा," असं म्हणत दादा हात पुढं करून उभाच राहिला. सिस्टरनं त्याला हळूच खुर्चीत बसवलं.

ती त्या आठवड्यातच गेली. शेवटी तिला दुखू नये म्हणून औषध दिलं होतं, त्यामुळे बोलणं झालं नाही.

* * *

लोक भेटायला यायचे तेव्हा दादा दाराजवळ बसायचा आणि तोच सगळ्यांना सांगायचा. "धाकटीच्या पेशी टिकल्या नाहीत. नाजूक पोर, तिचा काय दोष म्हणा. पण माझ्या रक्तानं बघा, मरणारी उठून बसली होती. पहिल्यापासून माझ्या घेतल्या असत्या तर?" धाकटी आतल्या खोलीत कप विसळत असायची. नळ जोरात सोडायची. कुलूपवाला ऐकायचा आणि आलेल्यांना पाणी द्यायचा.

पुढं एकदा धाकटी दुकानात आली. स्टुलावर बसली.

"भाऊजी, खरं सांगा. माझ्याच खराब होत्या ना?"

"नाही गं. तुझ्या चांगल्या होत्या."

"मग मेल्या कशा?"

त्यानं यंत्रावर किल्ली चढवली आणि घासायला घेतली, म्हणजे बोलायला नको. ती आवाज थांबेपर्यंत बसून राहिली.

"मी पोहणं शिकवायचं सोडलं," ती म्हणाली. "एक पोरगी पाण्यात घाबरली, मी हात धरला, आणि मला वाटलं, माझा हात लागला म्हणजे हिचं काहीतरी होणार. वेडेपणा आहे, कळतंय मला. डॉक्टरकडे जाऊन सगळं तपासून घेतलं. सगळं ठीक आहे म्हणाले."

"ठीकच आहे."

"तुम्हाला काहीतरी माहीत आहे," धाकटी म्हणाली. "ताई गेल्यापासून तुम्ही दादाच्या डोळ्याला डोळा देत नाही."

तो म्हणाला, "दुकान बंद करायचंय मला." भर दुपारी. ती उठून गेली.

त्यानंतर मध्ये बरेच दिवस गेले आणि काल दादाचा फोन आला. आवाज चढलेला, खुशीत. त्याच्या लेकीचे दिवस भरत आले आहेत. तिच्या सासरच्या गावातल्या डॉक्टरांनी सांगितलंय की अंगात रक्त कमी आहे, बाळंतपणात लागू शकतं.

"मी कालच सांगून आलो त्यांना," दादा म्हणाला. "पिशवीतलं चालणार नाही. बाप येईल. लागलं की फोन करा, टेम्पो दारात उभा आहे. बहिणीला देता आलं तेवढं दिलं, आता लेकीला देणार. काय जावईबापू, बरोबर ना?"

कुलूपवाल्याला बाईंचं वाक्य आठवलं. नात्याचं ताजं रक्त सगळ्यात वाईट. आणि बाई त्या दिवशी दाराशी सोडायला आल्या तेव्हा आणखी एक म्हणाल्या होत्या, की धडधाकट माणसालाही कधीकधी असं होतं, फार क्वचित, पण होतं. आणि बापाचं लेकराला दिलं तर जास्त.

"दादा," तो म्हणाला.

"बोला की."

"दादा, तिथल्या डॉक्टरांना विचारा, किरण दिलेलं..."

"पुन्हा किरण!" दादा हसला. मग आवाज एकदम खाली आला. "जावईबापू, तुम्ही त्या दिवशी तो डबा घेऊन दारात उभे होतात ना, तसेच दिसता मला अजून. सोडा आता ते. तुम्हाला उशीर झाला म्हणून काही ती गेली नाही. मी कधी तुम्हाला बोल लावला का?"

"नाही."

"मग झालं तर."

फोन ठेवल्यावर तो दुकानात बसून राहिला. एक गिऱ्हाईक आलं, किल्ली मागून गेलं. आज सकाळी त्यानं दोनदा दादाचा नंबर लावला. एकदा फोन उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा दादानं उचलला, हॅलो हॅलो म्हणाला, मागून टेम्पोच्या इंजिनाचा आवाज येत होता, आणि यानं ठेवून दिला.

दादाला अजून सांगितलेलं नाही. धाकटीलाही नाही.