चौसष्ट एमबीचा आळ

बिरसीच्या भूमेश्वरीचा जीव दोन दिवसांपासून थाऱ्यावर नव्हता. गावात कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा पाचही मशिनी तिला गोंदियाच्या टेकचंदने जोडून दिल्या होत्या. टेकचंद म्हणजे सख्खा मावसभाऊ. प्रत्येक मशिनीत पाचशे बारा एमबी रॅम टाकली, असं त्याने सांगितलं होतं. आणि परवा स्क्रीनवर आकडा दिसला चारशे अठ्ठेचाळीस. पाचही मशिनींवर तोच! बाईचं डोकंच फिरलं. तशीच गाडीला किक मारून ती गोंदियाला गेली आणि भरल्या दुकानात कडाडली, "चौसष्ट चौसष्ट एमबी खाल्ले तुनं. बहिनीलेबी नाही सोडलं!"

टेकचंदने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याने तोंड उघडायच्या आत ती दुकानाबाहेर पडली. तिला वाटलं, चोर सापडला.

आज सकाळी तिने एक मशीन उघडली, तर आतली पट्टी चक्क पाचशे बाराची. मग मदरबोर्डचं पुस्तक धुंडाळलं. या मशिनीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचं चित्र रॅममधूनच आपला वाटा घेतं, तेवढा आकडा कमी दिसतो. घ्या! हे पुस्तक सहा महिने कपाटात पडून होतं, तिने उघडायचे कष्ट घेतले असते तर ना! लाजेने तिचे कान तापले. मशीन सुरू होताना डिलीट दाबून ती सेटिंगमध्ये शिरली आणि चित्राचा वाटा चौसष्टवरून आठवर आणला. आकडा पाचशे चार झाला. पाचही मशिनी तिने तशाच केल्या.

चारला पोरं आली आणि विमानाच्या खेळावर तुटून पडली. गावाशेजारीच विमानतळ, त्यामुळे क्लास भरला होता तो या खेळापायीच. आज खेळ उघडेचना.

"मॅडम, विमान नाही उडून राहिलं!"

तिने टेकचंदला फोन लावला. त्याने उचलला, हेच नशीब.

"भाऊ, चुकलं माझं. रॅम पुरी आहे. मीनं चित्राचा वाटा आठवर आनला, तं विमान बंद पडलं."

"पडनारच. तूच म्हनली होती ना, पोरायले विमान पायजे. म्हनून चौसष्ट ठेवले होते मीनं."

"मंग परवा काऊन नाही सांगितलं?"

"तुनं इचारलं कुठं, बाई? तू तं मले चोर म्हनून निंगून गेली."

तिने पाचही मशिनी पुन्हा चौसष्टवर नेल्या. आकडा घसरला, विमानं उडाली. पोरं ओरडत होती आणि तिला ते ऐकवत नव्हतं. आळ दहा लोकांत घेतलेला, माफी फोनवर कशी चालेल? क्लास सुटताच तिने गाडी काढली.

टेकचंद दुकानात एकटाच होता.

"ये. काय बोलाचं ते बोल," तो म्हणाला.

"आता नाही, भाऊ. गिऱ्हाईक येऊ दे आंधी. त्याइच्यासमोर बोलीन मी."

टेकचंदने रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं.

"परवापासून कोनी आलंच नाही, भूमे."