सांभाळणाऱ्याचं नाव

माझ्या नवऱ्याला अजून मेल येतात. तो जाऊन वर्ष उलटलं. बँकेने त्याचं नाव काढलं, फोनवाल्यांनी काढलं, दारावरच्या पाटीचे स्क्रू गंजलेत म्हणून तेवढी राहिली. मेल मात्र येतात, आणि सगळे कामाचे. तुमच्या कोडमधली अमुक ओळ चुकीची वाटते, कृपया नजर टाकावी. लिहिणाऱ्याला काही ठाऊक नसतं. कसं असणार? त्याला हा पत्ता माणसाने दिलेला नसतो, एका प्रोग्रॅमने दिलेला असतो, आणि प्रोग्रॅमला मेलेलं-जिवंत कळत नाही.

हे जरा नीट सांगते. नीट सांगणं हाच माझा धंदा आहे. कर्नल म्हणजे संगणकाच्या अगदी पोटातला प्रोग्रॅम, जो कोणाला दिसत नाही, पण ज्याच्याशिवाय तिथे पान हलत नाही. आमचा कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. त्यात मी माहितीची पानं लिहिते. कोडवाले कोड लिहितात आणि हात झटकून मोकळे होतात. मग त्या कोडचा उपयोग काय, कॉन्फिगमधला, म्हणजे कर्नलच्या पर्यायांच्या यादीतला, कुठला पर्याय चालू ठेवायचा आणि कुठला बंद, हे माणसांच्या भाषेत लिहायला माझ्यासारखी एखादी कटकटी बाई लागते. माझा नवरा त्या हात झटकणाऱ्यांतलाच.

त्याचा कोड घड्याळाच्या चिपचा. संगणक बंद असला तरी वेळ मोजत राहणारी एक नखाएवढी चिप असते, बटणासारख्या गोल सेलवर चालते. ती चिप आणि कर्नल यांची बोलणी करून द्यायची, एवढंच त्या कोडचं काम. माझे सासरे घड्याळजी आहेत. मुलाने दुकानात बसावं अशी त्यांची फार इच्छा होती, तो बसला नाही, आणि बापलेकांत बरीच वर्षं त्यावरून धुसफूस चालली. चिपचं कळलं तेव्हा बाबा म्हणाले, म्हणजे शेवटी घड्याळंच ना, मग एवढं शिकून फरक काय पडला? पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना हीच गोष्ट सांगत होते.

आमची ओळखही त्या चिपमुळेच झाली, म्हणजे भांडणातून. कॉन्फिगमधल्या प्रत्येक पर्यायाखाली मदतीच्या दोन-चार ओळी लिहायच्या असतात, आणि रीत अशी की शेवटी लिहायचं: खात्री नसेल तर 'नाही' निवडा. त्याने एकच ओळ लिहिली होती, या पर्यायाने ही चिप चालू होते. मी ती परत पाठवली. हे तर पर्यायाच्या नावातच आलंय, मग मजकूर कशाला खर्ची घातलात, असं सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये विचारलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने एकीच्या सहा ओळी करून पाठवल्या, त्या मी पुन्हा परत केल्या. असं आम्ही चारचौघांत पुष्कळ भांडलो, आणि मग चारचौघांना वगळून भांडायला लागलो. लग्नाचंही त्याने मेलवरच विचारलं. प्रस्ताव, फायदे, तोटे, आणि शेवटी, खात्री नसेल तर 'नाही' निवडा. मला खात्री होती.

आता त्या पत्ता देणाऱ्या प्रोग्रॅमचं. कर्नलच्या प्रत्येक भागाला एक सांभाळणारा असतो आणि त्या सगळ्यांची नावं एका लांबलचक फाइलमध्ये असतात. तुम्ही कुठलाही बदल पाठवायला घेतलात की तो प्रोग्रॅम ही फाइल वाचतो आणि त्या भागाच्या सांभाळणाऱ्याचा पत्ता आपणहून जोडतो. घड्याळाच्या चिपपुढे नाव माझ्या नवऱ्याचं. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला, पण फाइलमध्ये तो होता तसाच राहिला. मी त्याची नोंद सोडून त्या फाइलमधल्या बाकीच्या नोंदी दुरुस्त करत राहिले.

कारण बाबा. मुलगा गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं. दुकान उघडायचे, दिवा लावायचे आणि बंद घड्याळांसमोर नुसते बसून असायचे. एकदा संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे डोकावले तेव्हा मी त्याच्या टेबलाशी, त्याची मेलपेटी उघडून बसले होते. कोणाचं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक जण त्याला चिपबद्दल विचारतोय. त्यांनी स्टूल ओढलं. वाच, म्हणाले. मी इंग्रजी मेल आपल्या भाषेत करून वाचला. त्यातलं त्यांना ओ की ठो कळलं नसणार, पण जाताना बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग ते रोज येऊ लागले. मी चहा ठेवायचे, ते स्टुलावर बसायचे, त्याच्या खुर्चीत कधीच नाही, आणि विचारायचे, आज काही आलं का? मी वाचायचे. हा माणूस घाईचा दिसतो, म्हणायचे. हा चांगला आहे, आधी आभार मानतो. त्यांना भ्रमबिम काही झालेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. मुलगा गेलाय हे त्यांना माझ्याइतकंच टोचत होतं. त्यांना एवढंच हवं होतं की कुठेतरी कोणाला अजून तो लागतो आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. बाबांचं निमित्त पुढे करायला बरं पडत होतं इतकंच.

पहिला धक्का दिला शीतपेटीवालीने. नाव घ्यायचं नाही म्हणून मी तिला असं म्हणते. दूर कुठेतरी लसी ठेवायच्या शीतपेट्या बनवणाऱ्या कारखान्यात ती काम करते, आणि त्या पेट्यांमध्ये ही चिप असते. सेल बदलला की चिपचं घड्याळ मागे उडी मारतं, असं तिला आढळलं होतं. मग पेटी किती वेळ गार होती याची नोंदच खोटी ठरते, आणि चांगल्या लसी फेकाव्या लागतात, नाहीतर वाईट टोचल्या जातात. तिने चूक शोधून दुरुस्तीही लिहून पाठवली होती. सांभाळणाऱ्याने एकदा बघून हो म्हणावं, की झालं. तिचा मेल मी बाबांना वाचून दाखवला नाही. दुसरा आला, तोही नाही. काही वेगळं सुचत नव्हतं म्हणून मी चालढकल करत राहिले.

आमच्यात सर्वांत वरचे एक जण आहेत, त्यांना सगळे थोरले म्हणतात. त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी मला एकटीला लिहिलं. फार हळुवार लिहिलं होतं. उत्तर न देणारं नाव फाइलमध्ये ठेवता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तो नियम ज्या पानावर आहे ते पान तूच लिहिलं आहेस. मी काढू शकतो, पण तू काढावंस असं मला वाटलं. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उलट लिहिलं की त्याच्या नावाने तुमचं काय अडलंय, त्याच्या जोडीला माझं नाव घाला, मी बघते. त्यांनी एवढंच विचारलं, तुला त्या कोडमधलं चूक-बरोबर कळेल? नाही कळणार. मी शब्दांची बाई आहे. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

आणि मग शीतपेटीवालीचा तिसरा मेल आला, नेमका बाबा स्टुलावर बसलेले असताना. त्यांनी पडद्यावर नवी ओळ उमटलेली पाहिली. आलं बघ काहीतरी, म्हणाले. दुसरं काही वाचून दाखवायला मला तेवढ्यात सुचलं नाही. मी वाचलं ते असं होतं: मी तुम्हाला आधी दोनदा लिहिलं. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल, तुमचा अपमान झाला असेल, तर मला माफ करा, पण कृपया दुरुस्ती तेवढी पाहा.

बाबांनी कप खाली ठेवला. आधीचे दोन वाच, म्हणाले. मी वाचले. लसींचंही वाचलं. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हिला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर त्याचं नाव काढावं लागेल, बाबा. नाव काढलं की मेल थांबतील. मग तुम्ही संध्याकाळी इथे कशाला याल?"

माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "अगं, दुकान बंद असलं तर दाराला पाटी लावतात. गिऱ्हाइकाला उन्हात उभं करून ठेवत नाहीत. तो असता तर त्याला हे चाललं असतं का?"

चाललं नसतं. आलेल्या मेलला त्या दिवशी उत्तर दिलं नाही तर त्याला जेवण जायचं नाही. हे मला माहीत होतं आणि मी वर्षभर त्याच्या नावावर लोकांना ताटकळत ठेवलं होतं.

आधी मी तिला कळवलं. तिचं उत्तर लगेच आलं. तिने लिहिलं की ती मनातल्या मनात त्याच्यावर फार चिडली होती, किती माजोरडा माणूस आहे असं आईपाशी म्हणालीही होती, आणि आता तिला कसंतरीच होतंय. मी तिला लिहिलं, चिडलीस ते बरं झालं, मीही त्याच्यावर चिडूनच त्याला ओळखायला लागले. मग विचारलं, घड्याळाची चिप तू सांभाळशील का? तिने एक दिवस मागून घेतला आणि हो म्हणाली.

काम तसं चिमूटभर. सांभाळणाऱ्यांच्या फाइलमधून एक नाव काढायचं आणि तिथे तिचं घालायचं. ज्यांचे उपकार विसरायचे नाहीत त्यांची एक वेगळी फाइल असते, त्यात त्याचं नाव लिहायचं. चिपच्या माहितीच्या पानावर 'शंका असल्यास यांना विचारा' असं आहे तिथला पत्ता बदलायचा. आणि कॉन्फिगमधल्या त्या मदतीच्या मजकुरात सेल बदलल्यावर काय करावं याची एक ओळ वाढवायची. तो मजकूर उघडला आणि मी तिथेच थांबले. त्यातला एक शब्द माझा, एक त्याचा, कुठला कोणाचा आणि कुठल्यावर आम्ही किती भांडलो होतो, सगळं मला आठवत होतं. नवी ओळ मी एकटीने लिहिली. ती परत पाठवायला कोणी नव्हतं, आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

प्रत्येक बदलासोबत कारण लिहावं लागतं. जगाला कारणं लिहायला मी शिकवते, पण मला हे कारण लिहायला सगळी दुपार लागली. शेवटी साधंच लिहिलं. मग नेहमीप्रमाणे प्रोग्रॅमला विचारलं की हा बदल कोणाकोणाला पाठवू. त्याने फाइल वाचली आणि सर्वांत वर माझ्या नवऱ्याचा पत्ता काढून दिला. बरोबरच होतं त्याचं. बदल स्वीकारला जाईपर्यंत फाइलमध्ये सांभाळणारा तोच होता. मला तो पत्ता हाताने खोडता आला असता. मी खोडला नाही. बाबा येईपर्यंत थांबले आणि मग माझ्या संगणकावरून पाठवून दिलं.

त्याच्या टेबलावरचा संगणक वाजला.

बाबांनी मान वळवली. "काही आलं का?"

"आलं."

"कोणाचं?"

"माझं."

त्यांनी स्टूल टेबलाजवळ सरकवलं. वाच, म्हणाले. मी वाचायला घेतलं. घड्याळाच्या चिपचा सांभाळ पहिल्या ओळीपासून ज्यांनी केला ते आता आपल्यात नाहीत. त्यांचं नाव या यादीतून काढून ऋणांच्या यादीत ठेवत आहे. त्यांना आलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्याच दिवशी... इथे माझा आवाज गेला. बाबांनी वाट पाहिली. पुढचं वाच, असं म्हणाले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, आता पुढे काय होतं? मी सांगितलं की आमच्यात रीत आहे. ज्याचं नाव काढायचं त्याला आधी विचारतात. तो संमती कळवतो, ती त्या बदलाखाली लिहिली जाते आणि कायमची राहते. उत्तर आलं नाही तर थोरले थोडं थांबतात आणि पुढे जातात.

"म्हणजे त्याने हो म्हणायचं."

"हो."

बाबा उठले. त्यांनी त्याची खुर्ची ओढली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्यात बसले, अगदी कडेला, उसन्या जागी बसल्यासारखे.

"शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीच सही करायचो," ते म्हणाले. "तेव्हाही विषय मला कळत नव्हते. ही करू का?"

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून टाइप केलं: संमती आहे. त्याचे वडील, घड्याळजी. पाठवायची कळ दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, नाजूक काटा बसवताना धरतात तसं मनगट टेबलावर टेकवलं आणि एका बोटाने ती दाबली. थोरल्यांनी तो बदल स्वीकारला. त्याखाली ती संमती, तिच्यातला एक शब्दही न बदलता, तशीच ठेवली.

ज्यांच्याकडे फाइलची जुनी प्रत होती त्यांचे मेल काही दिवस येत राहिले. मग कमी झाले, मग थांबले. शीतपेट्यांचं घड्याळ आता मागे जात नाही, तिने मला कळवलं.

बाबा त्याच वेळेला येतात. काल आले, स्टुलावर बसले, आणि सवयीने विचारलं, आज काही आलं का?

"नाही, बाबा."

"बरं," म्हणाले. चहा संपवला, तरी उठेनात. मग कप बाजूला सारून म्हणाले, "तेच वाच परत. तुझं."

मी काढून वाचायला लागले, आणि तेव्हा जिथे अडले होते तिथेच पुन्हा अडले.