टिपाडाचं कुलूप

आमच्या गावात कुणी फुकट काही देऊ लागलं, तर लोक आधी त्याच्यामागे कोण उभं आहे ते बघतात. मला हे चौदाव्या वर्षी कळलं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी गावभर फुकट काम मागत हिंडले आणि कुणी देईना.

नववीची परीक्षा झाली होती. सुटी लागताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, "या उन्हाळ्यात कुणाच्या तरी उपयोगी पडा." बाकीच्या पोरी हसल्या. मी मनावर घेतलं. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की आई डोक्याला हात लावते.

आधी विहारात गेले. आमच्या जयंती मंडळाची पोरं म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी भरून देणार होती. शहादेवदादा मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "यशे, तू लई लहान हायेस. आन पोरींचं काम न्हाई हे."

घरासाठी दोन-दोन हंडे वाहताना मी लहान नव्हते. दुसऱ्यासाठी वाहते म्हटल्यावर लगेच लहान झाले!

मग सोसायटीत गेले. टँकर सोसायटीच्या हातात होता आणि सोसायटी सुंदररावांच्या. टँकर आला की पारापाशी नुसती झोंबाझोंबी चालायची. मी म्हटलं, "चेअरमनसाहेब, मी रांग लावून देते. मला काही नको."

सुंदररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुनी पाठवलं तुला?"

"कुणी न्हाई."

"मोहनरावच्या पॅनलचं कुनी आलतं का तुज्या बापाकडं?" सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि मोहनराव त्यांच्या विरोधात उभे होते. "पैसं नको, जेवन नको. मंग पायजे तरी काय तुला?"

 खरं म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि तेच त्यांना पटेना. मी निघाले तेव्हा ते मागून कुणाला तरी सांगत होते, "नजर ठेवा रं हिच्यावर."

राहता राहिली चतुराबाई. पाराच्या पलीकडे, चिंचेच्या झाडाखाली म्हातारी एकटीच राहायची. मुलगा-सून पुण्याला बांधकामावर. टँकरच्या गर्दीत तिची घागर सगळ्यात मागे पडायची आणि तिची पाळी येईतो पाइपातून नुसते थेंब गळायला लागलेले असायचे. तिच्या दारातही सोसायटीने घरटी वाटलेलं निळं टिपाड, प्लॅस्टिकचं मोठं पिंप, होतं. झाकणाला कडी आणि कडीला पितळी कुलूप. पाण्याला कुलूप लावायचे दिवस आलेत, असं सुंदरराव वाटपाच्या दिवशी भाषणात म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आजी, तुमचं टिपाड मी भरून देत जाईन," मी म्हटलं.

"कावून?"

"असंच."

"असंच कोन करतं का?" तिने कुलपावर हात ठेवला. "किल्ली घेशील, पानी नेशील. जा तिकडं."

मी उन्हात उभी राहिले. डोकं तापलंच होतं. वर बघितलं तर चिंचा लगडलेल्या. मी चिडून म्हणाले, "रोज मूठभर चिंचा द्यायच्या. फुकट न्हाई भरणार मी."

म्हातारीचा चेहरा एकदम सैल झाला. "आसं सांग की मंग!" तिने कमरेच्या दोन किल्ल्यांतली एक सोडली आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. म्हणजे मोबदला मागितला तेव्हा कुठे मी भरवशाची ठरले. चिंचा मला आवडतसुद्धा नाहीत, दात आंबतात.

टँकर आला की मी आधी आमचं टिपाड भरायची, मग तिच्याच घागरीने तिचं. म्हातारी रोज टिपाडाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करायची. माझ्यासमोरच करायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

एका दुपारी घाईत मी तिच्या कुलपाला चुकून आमच्या घरची किल्ली लावली. दोन्ही किल्ल्या गळ्यात एकाच दोऱ्यात होत्या. कुलूप उघडलं.

मी इकडेतिकडे बघितलं. कुलूप लावलं, पुन्हा आमची किल्ली फिरवली. पुन्हा उघडलं. घरी आले आणि चतुराबाईची किल्ली आमच्या कुलपाला लावली. तेही उघडलं. सोसायटीने सगळी कुलपं एका घाऊक दुकानातून उचलली होती, आणि बहुतेक सगळ्यांची किल्ली एकच होती. गावातलं प्रत्येक घर दुसऱ्याच्या भीतीने कुलूप लावत होतं आणि प्रत्येकाच्या कमरेला सगळ्या गावाची किल्ली होती.

कुणाला सांगू? सांगितलं, तर पहिला सवाल येणार, तुला कसं कळलं? दुसऱ्याच्या कुलपाला स्वतःची किल्ली लावून कोण बघतं? चोरच ना. मी गप्प बसले. पण त्या दिवसापासून मला प्रत्येकाचा संशय यायला लागला. कुणी घागर घेऊन चाललं की ती कुठून भरली असेल, हेच डोक्यात.

आणि एके दिवशी चतुराबाईच्या टिपाडातलं पाणी कोळशाच्या खुणेच्या वीतभर खाली गेलेलं निघालं.

ती काठी टेकत आमच्या गल्लीत आली. विहारासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "गीताच्या यशीनं माजं पानी चोरलं! दुसरी किल्ली तिच्याच गळ्यात हाय!"

शहादेवदादा बाहेर आला. बायका दारात आल्या. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने धावत आली, माझ्या गळ्यातून चतुराबाईची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि मला आत ओढलं. "कुनी सांगितलतं तुला लोकांच्या उठाठेवी करायला? आता जलमभर पानीचोर म्हनतील." आई रडत होती. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी घागर घेऊन गेले, तर बायका बाजूला सरकल्या. सुंदरराव पारावर उभे होते. माझ्याकडे बघत, पण गावाला उद्देशून म्हणाले, "सोसायटीनं कुलपं दिली ती कावून? आसल्यांपासून जपाया."

आसल्यांपासून. तो शब्द कानात गेला आणि माझं डोकं फिरलं. मी घागर खाली ठेवली. सुंदररावांचं घर पारासमोरच, टिपाड ओट्याजवळ. मी सरळ तिकडे गेले, गळ्यातली आमच्या घरची किल्ली त्यांच्या कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. मी झाकण वर केलं.

"ही आमच्या घरची किल्ली हाय," मी ओरडले. "गावात कुणाचीबी किल्ली कुणालाबी लागती! लावून बघा!"

टँकरचा ड्रायव्हर परगावचा होता. तो "आयला!" म्हणून मोठ्याने हसला. हसला तो एकटाच. मी सगळ्यांचे चेहरे बघितले. कुणी खाली बघत होतं, कुणी पदर नीट करत होतं. शहादेवदादा चपलेने माती उकरत होता. कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं.

त्यांना माहीत होतं. सगळ्यांना नसेल, पण पुष्कळांना. 

"पोरगी हाय, कायबी बोलती," सुंदरराव म्हणाले आणि त्यांनी झाकण लावून टाकलं. पण आता गुपित उघड्यावर आलं होतं; लोक पाणी सोडून घराकडे पळाले, आपापल्या टिपाडात बघायला. दोन दिवसांत प्रत्येक टिपाडावर नवं कुलूप आलं. युसूफवडगावच्या आठवडी बाजारात कुलपं संपली, असं म्हणतात.

चतुराबाईच्या टिपाडाला मात्र कुलूपच नव्हतं. मी समोरून जाताना तिने हाक मारली. "ये की गं. चिंचा वाळाय लागल्या."

मी थांबले. "तुमालाबी म्हाईत होतं ना, आजी? कुलपाचं?"

तिने एक चिंच उचलून पदराला पुसली. मग म्हणाली, "व्हय."

"मग माझं नाव कावून घेतलंत?"

"दुसऱ्या कुनाचं घेऊ?" ती हळूच म्हणाली. "सुंदररावाकडच्याला नेताना बघितलतं मी. त्याचं नाव घेतलं तर उद्या मला टँकरपाशी उभं करतील का? तुमचं नाव घेतलं की गावात कुनी काई बोलत न्हाई."

मला वाईट वाटलं ते ती खोटं बोलली म्हणून नाही. ती आता खरं बोलत होती म्हणून वाटलं.

"मी पाणी भरीन," मी म्हटलं. "पण चिंचा नकोत. जिथं ओरडलात तिथंच येऊन हे सांगायचं. तेवढ्याच मोठ्यानं."

ती खाली बघून चिंचा वेचू लागली. मी घरी निघून आले.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण उन्हं कलायच्या आधीच काठीचा आवाज आला. चतुराबाई विहारासमोर उभी राहिली. धापा टाकत होती. ओरडायचं तिला जमेना, तरी ओरडली, "यशीनं पानी न्हाई घेतलं! मी खोटं बोलले! सुंदररावाच्या मानसानं नेलं, माज्या डोळ्यांनी बघितलं मी!"

बायका दारात आल्या.  म्हातारी आमच्या उंबऱ्यापाशी मटकन खाली बसली. तिचे ओठ फुटले होते. आईने तिच्याकडे रागाने बघितलं, आत गेली आणि माठातलं पाणी तांब्यात भरून तिच्यापुढे धरलं.

आमच्या गल्लीत चतुराबाई आजवर पाणी प्यालेली नव्हती. तिने तांब्याकडे बघितलं, मग आईकडे.

"ह्याचं काय घेशील?" तिने विचारलं.

"काई न्हाई," आई म्हणाली.

म्हातारीने आईचा चेहरा पुन्हा एकदा निरखला. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.