कवीनं न उचललेली मुलगी

शोभनाची पहिली मुलगी अल ऐनच्या हॉस्पिटलमध्ये मेलेलीच जन्मली. त्यावर तिच्या नवऱ्यानं, दत्तप्रसादनं, लिहिलेली कविता दुबई-शारजातल्या मराठी माणसांना तोंडपाठ होती. कवितेतला बाप गार पडलेल्या लेकीला छातीशी धरून बसतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दत्तप्रसाद ती म्हणायचा, तेव्हा बायका डोळे पुसत शोभनाकडे बघायच्या.

खरं तर तो तिथं नव्हताच. दुबईहून निघताना गाडी बंद पडली, असं त्यानं सांगितलं होतं. पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. शोभनानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. बिचाऱ्यानं मनातल्या मनात तरी तिला उचललं, असं ती स्वतःला समजवायची.

मागच्या वर्षी पक्षाघातानं दत्तप्रसादची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. समजायचं मात्र सगळं. पंचाहत्तरीनिमित्त मंडळानं त्याच्या डायऱ्या आणि पत्रं छापायचं ठरवलं. त्या चाळायला मंडळाचा सुजीत अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटवर येऊ लागला.

एकदा वाचता वाचता तो मध्येच डायरी मिटू लागला. शोभनानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

'हॉस्पिटलचा फोन आला. मुलगी गेली. गाडी काढली होती, पण ओळी सुचत होत्या. तिथं गेलो असतो तर शोभनाच्या रडण्यात सगळं विस्कटलं असतं. संध्याकाळी कविता पुरी झाली. फार दिवसांनी इतका आनंद झाला.'

पानाला मुंबईतल्या एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडलेली होती. 'पहिली तुलाच पाठवतोय. रडू आलं तर कळव.'

"काकू, हे पान वगळू या," सुजीत म्हणाला.

"एक ओळसुद्धा वगळायची नाही."

"पण काकांची परवानगी..."

शोभना व्हीलचेअरपाशी गेली. "अहो, सगळं छापायचं ना?"

दत्तप्रसादनं डावा हात जोरजोरात हलवला. घशातून घोगरा आवाज निघाला. त्याची नजर सुजीतला गयावया करत होती.

"हो म्हणतायत," शोभना म्हणाली.

सुजीतनं मान खाली घातली. तो नकार त्यालाही कळला होता. पण असं पुस्तक परत मिळणार नव्हतं.

पुस्तक निघालं आणि दत्तप्रसादकडे येणारी माणसं यायची थांबली. दार वाजलं की तो मान वळवायचा. दारात पार्सलवाला असायचा. रोज दुपारी शोभना त्याला त्याच्याच डायरीतलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायची. तो डोळे मिटायचा. कान त्याला मिटता येत नव्हते.

धाकटी लेक ईशानी अबू धाबीहून आली, तेव्हा ते वाचन ऐकून दारातच ओरडली, "आई, धिस इज क्रुएल! ही कान्ट ईव्हन आन्सर!"

"बोलता येत होतं तेव्हा कुठं बोलले?" शोभना म्हणाली आणि वरणभाताची वाटी घेऊन नवऱ्यासमोर बसली. घास त्याच्या ओठांपाशी नेऊन तिनं हात थांबवला.

"मी तिचं नाव ठेवलं होतं. तुम्ही आलात तेव्हा सांगितलंही होतं. काय होतं?"

त्यानं तोंड उघडलं. घासासाठी की नावासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. नुसता "आ... आ..." ऐकू आला.

ती थांबून राहिली. भात निवला. मग वाटी घेऊन ती आत गेली.