येताना जाऊ

"येताना जाऊ ना," नवरा म्हणाला आणि त्याने आरशातून मागे पाहिलं. धाकट्याची उलटी सीटवर सांडली की पिशवीत पडली, ते त्याला बघायचं होतं. पिशवीतच पडली होती. पिशवी माझ्या हातात होती.

दर वर्षी हेच. थोरल्या दिरांचं घर अकरा तासांवर, आणि निम्म्या वाटेवर डावीकडे एक फाटा. फाट्यापासून चौदा किलोमीटर आत माझे अण्णा राहतात, तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून एकटेच. जाताना दीर वाट बघत असतात म्हणून वळायचं नाही. येताना उशीर झालेला असतो, मुलं पेंगुळलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं ऑफिस असतं.

मी एक्स-रे काढते. बारा वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा." दिवसातून साठ वेळा. खात्यात आम्ही दोघीच, म्हणून सलग रजा वर्षातून एकदाच मिळते, आठ दिवसांची. ते आठही दिवस दिरांच्या दिवाणखान्यात जातात. शेजारीपाजारी आपापले गुडघे आणि खांदे घेऊन येतात, जुन्या फिल्म काढतात, आणि मी त्या खिडकीच्या उजेडात धरून बघत बसते. "आमच्या घरातलीच आहे हो," जाऊबाई कौतुकाने सांगतात. घरातली म्हणजे फुकटातली.

"पण अण्णांना झालंय काय?" नवरा म्हणाला. "रविवारी तर बोललीस फोनवर. ठणठणीत आहेत."

"ठणठणीत माणसाला भेटायचं नसतं का?"

"लगेच चिडू नकोस."

लगेच! सहा वर्षं झाली होती. मी पिशवीला गाठ मारली, ती अशी, की सुटली नसती.

"आई, अजून किती?" थोरलीने विचारलं. ती सात वर्षांची आहे आणि हा तिचा सोळावा प्रश्न होता.

"तुझ्या बाबाला विचार. रस्ता त्याचा आहे."

जेवण झालं आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर झापड आली. गाडी दोनदा कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली.

"उतर. मी चालवते."

"हायवेवर? तू?" लायसन्स मिळून मला आठ महिने झाले होते, पण त्याच्या लेखी मी अजून शिकाऊच.

"झाडावर आदळण्यापेक्षा बरं."

तो कुरकुरत शेजारी येऊन बसला. "सरळ चालव. साठच्या वर जाऊ नकोस. काही वाटलं तर उठव." पाचव्या मिनिटाला घोरायला लागला.

मी सरळच जाणार होते, खरंच. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थोरलीने मागून हात घालून तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"कुठवर पोचलात रे?" दीर होते.

"काका, बाबा झोपलाय. आई चालवतेय."

"अरे वा! मग आईला सांग, शेजारचे काका कमरेचा एक्स-रे घेऊन संध्याकाळीच येणार आहेत. दमले-बिमले काही चालणार नाही हं!"

समोर फाटा आला. मी डावीकडे वळले.

खड्ड्यांनी नवरा जागा झाला. "हे कुठे आलो आपण?"

"माझ्या घरी."

"वेड लागलंय का? दादा वाट बघतोय!"

"बघू दे. वाट बघायचा मक्ता त्यांनी एकट्यांनीच घेतलेला नाही."

"मला न सांगता?"

"सहा वर्षं सांगतेय! आई होती तेव्हाही येतानाच जाणार होतो आपण."

"मुलांसमोर ओरडू नकोस."

"मुलांनाही कळू दे आईला माहेर आहे ते!"

मी स्टिअरिंग घट्ट धरून खड्डे चुकवत राहिले. आणखी बरंच बोलायचं होतं. ते सगळं मी मनात रचत होते, एकावर एक.

अण्णा अंगणात स्टुलाचा पाय ठोकत बसले होते. शर्ट पुढून उघडाच. मी गाडीतून उतरून फाटक ढकललं, तसे ते उठले. हातोडा हातातून खाली पडला. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. या फाटकातून मी शेवटची आत आले होते ती आई गेली तेव्हा. त्याआधी, माझे काका गेले तेव्हा.

फाट्यापासून इथवर बस येते. दिवसातून चार वेळा. तीन वर्षांत मी एकदाही त्या बसमध्ये बसले नव्हते, आणि तिथे मला कुणी अडवलं नव्हतं. नवऱ्यासाठी रचलेलं सगळं मनातच राहिलं. राग तेवढाच होता, फक्त आता तो माझा मलाच आला होता.

"कुणी नाही गेलं, अण्णा. सहज आलोय आम्ही."

अण्णांनी गाडीत वाकून पाहिलं. नवरा, थोरली, धाकटा. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते.

"तुझे दीर?"

"बरे आहेत. सगळे बरे आहेत."

"मग मधेच कशी आलीस?"

मी पडलेला हातोडा उचलला. अण्णांनी शर्टाची बटणं लावायला घेतली. बोटं चुकत होती, तरी एकेक करत सगळी लावली, अगदी गळ्याचंसुद्धा. मग ते ताठ उभे राहिले.

"सांग," म्हणाले. "मी ऐकून घेईन."