डोम गास्पारचा नंबर

क्योतोतल्या उझुमासाच्या त्या गल्लीत गटप्रमुख व्हायला कुणी धडपडत नसे. धडपड असायची ती टाळायची. वर्षभर कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून त्यावर जाळी पसरा, सूचनांचं पॅड घरोघरी फिरतंय की कुणाच्या फ्रिजवर धूळ खातंय ते बघा, मे महिन्यात देवळाच्या पालखीपुढं कंदील धरून चाला, आणि वर अकरा घरांची बोलणी खा. दर घराला एक वर्ष. एक एप्रिलला नवा माणूस अडकायचा आणि जुना सुटायचा.

हे झेंगट मनापासून हवं असलेला गल्लीत एकच माणूस होता. बेहनाम रस्तगार. वय अठ्ठावन्न, मूळचा शिराझचा, गल्लीत एकवीस वर्षं काढलेला, आणि पेशानं खलनायक.

तेहतीस वर्षांपूर्वी तो जपानात आला तो गाड्यांचे सुटे भाग घासायला. कारखाना बसला, आणि त्याची दाढी न् नाक बघून कुणीतरी त्याला स्टुडिओत नेऊन उभं केलं. तिथं तो समुद्री चाचा झाला, अफूवाला झाला, बंदुका विकणारा पोर्तुगीज झाला. त्रेसष्ट वेळा तलवारीनं कापला गेला, दोनदा विहिरीत पडला. पण लोकांच्या डोक्यात बसला तो डोम गास्पार. मागं अख्खं गाव जळत असतं आणि हा ओट्यावर बसून पिकलेल्या पर्सिमन फळाची साल एका सलग पट्टीत सोलत असतो, मान वर न करता. दर नव्या वर्षाला तो सिनेमा टीव्हीवर लागायचा आणि पुढं आठवडाभर दुकानातली माणसं याला सुटे पैसे जरा जपूनच द्यायची. खऱ्या आयुष्यात या माणसाला धड काकडी चिरता येत नव्हती. ते काम चिझुरूचं.

चिझुरू निशिओका त्याची बायको. मागच्या जूनमध्ये ती गेली, आणि तिच्याबरोबर याचं नावही गेलं. ती होती तोवर तो 'निशिओकाबाईंचे यजमान' होता, प्रश्नच नव्हता. ती गेल्यावर याला हाक काय मारायची ते कुणाला सुचेना. रस्तगार जिभेवर बसेना, आणि शेजाऱ्याला एकदम बेहनाम म्हणणं म्हणजे फारच सलगी. मग लोक हळूहळू स्टेशनावरच्या कुठल्याही पर्यटकाला म्हणतात त्यावर आले, 'गाइजिन-सान'. परदेशी बुवा. तेही हसून, वाकून, अदबीनं. रागवायलाही जागा ठेवली नाही त्यांनी.

गटप्रमुखाला मात्र सगळे प्रमुख-सानच म्हणतात. यंदाचा प्रमुख होता हासेबे न्हावी, आणि त्याच्या घराला लागून पुढचं घर बेहनामचं. अकरा वर्षांपूर्वी हा नंबर आला तेव्हा चिझुरूनं सगळं निभावलं होतं. आता आपण निभावू, वर्षभर लोक आपल्याला प्रमुख-सान म्हणतील, एवढीच त्याची हाव. आणि भीती एकच, की 'गाइजिन-सानना कशाला त्रास' म्हणून आपलं घर ओलांडतील. शिवीला उत्तर देता येतं, अशा सौजन्याला काय देणार? एकदा ओलांडलं की ओलांडलं, मग मरेपर्यंत तो या गल्लीतला पाहुणा.

त्यानं मार्चभर तयारी केली. कुठला कचरा कुठल्या वारी ते पाठ केलं, नवे हातमोजे आणले. शेवटच्या रविवारी दुपारी तीनला खिडकीतून दिसलं की हासेबे प्रमुखाकडं असते ती पत्र्याची पेटी, वर घडी केलेली जाळी आणि काखेत पॅड घेऊन घराबाहेर पडतोय. बेहनाम शर्टाची कॉलर नीट करून दारामागं गुडघ्यांवर बसला.

पावलं आली. दाराशी जरा रेंगाळली. आणि पुढं गेली.

शेजारच्या मोरिवाकी आजींचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. बेहनामला राग आला, एकवीस वर्षांचा साठलेला. तो उठला तो तडक रस्त्यावर.

आजींच्या दारात पेटी ठेवलेली होती. एक्क्याऐंशीच्या आजी तिच्याकडं दारात सोडलेल्या भटक्या मांजराकडं बघावं तसं बघत होत्या.

"हासेबे-सान," बेहनाम म्हणाला, "माझं घर अलीकडं आहे."

हासेबेनं खाली पाहिलं. "बूट विसरलात."

खरंच, तो नुसत्या मोज्यांवर आला होता. या देशात एवढी वर्षं काढून हे असं. पण आता माघार नव्हती.

"मी परदेशी आहे म्हणून ओलांडलंत, की गास्पार आहे म्हणून? तेवढं सांगा, मी निघतो."

"गास्पार कोण?" आजींनी विचारलं.

"सिनेमातला हो," हासेबे म्हणाला. "साल सोलणारा."

"तो? तो तर मेला शेवटी. बरं झालं."

हासेबे अजून बेहनामकडंच बघत होता. "अहो, तुमच्या घरात अजून वर्षाचं सुतक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"बाईंचं वर्षश्राद्ध जूनमध्ये. मेमध्ये पालखी. सुतकातल्या घरानं देवाचा कंदील धरायचा? देव गल्लीला सोडेल का? माझी आई गेली त्या साली माझं घर ओलांडलं. टोफूवाल्याचं ओलांडलं. एक वर्ष मागं सरकायचं, झालं. नेहमीचंच आहे."

"मला कुणी बोललं नाही."

"बोलायचं काय त्यात?" हासेबे खरोखर गोंधळला होता. "हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला ठाऊक नसेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

बेहनाम आजींच्या उंबऱ्यावरच बसला. तेहतीस वर्षं या देशानं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. चॉपस्टिक कशा धरायच्या, न्हाणीघरातल्या हौदात उतरण्याआधी अंग कसं धुवायचं. टॅक्सीवाल्यांनीसुद्धा, जपानात चार ऋतू असतात म्हणून. आणि ही एवढी मोठी गोष्ट समजावायची राहून गेली, कारण याला समजवावं लागतं हेच लोक विसरले होते. तो बसल्याबसल्या हसायला लागला.

"बसलाय काय," आजी कडाडल्या. "तुमच्यापायी माझ्या गळ्यात हे वर्षभर आधी पडलंय. गुडघे कुणाचे दुखतात? ती जाळी तुम्ही पसरायची. आणि समोरचा तो वकील सोमवारी बाटल्या टाकतो. मी बोलले की दात काढतो. मी बोलेन तेव्हा तुम्ही नुसतं माझ्यामागं उभं राहायचं."

"सुरी आणू?"

"नको. चेहरा पुरे."

हासेबेनं पॅडमधली यादी काढून त्याच्यापुढं धरली, उगाच शंका नको म्हणून. येत्या वर्षाच्या ओळीत मोरिवाकी. त्यापुढच्या वर्षाच्या ओळीत निशिओका खोडून त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, रस्तगार. आजींनी चष्मा लावून ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

"लांबलचक आहे," त्या म्हणाल्या. "पण वर्ष आहे हातात. होईल पाठ. जा आता, रस्तगार-सान, मोजे धुवा."

घरी येऊन त्यानं मोजे दारातच काढले आणि अनवाणी जाऊन चिझुरूच्या फोटोपुढं बसला.

"यंदा आपल्याला ओलांडलं गं," तो म्हणाला. "सुतक आहे म्हणून."

नऊ महिन्यांत एवढी आनंदाची बातमी त्यानं तिला सांगितली नव्हती.