मानेखालची बाई

नाकाची सावली उजवीकडे. म्हणजे सूर्य डावीकडे होता.

कांताला गोवर निघाला तेव्हा जयवंताने घरात फोडणी पडू दिली नाही.

जाड दागिना घातला की सांधा दिसत नाही.

मांडवात आईचा फोटो पाहिजे.

आता क्रमाने.

लक्ष्मणरावांची पहिली बायको आनंदाबाई. कांताला तान्ही ठेवून ती वारली. मग जयवंता आली, कांताला तिने वाढवलं. १९५४ च्या उन्हाळ्यात कांताचं लग्न ठरलं आणि लक्ष्मणरावांच्या मनात आलं, मांडवात आपला नि आनंदाचा जोडफोटो हवा. असा फोटो कधी निघालाच नव्हता. आनंदाबाईचा चेहरा एकाच ठिकाणी उरला होता. सिंदीच्या कापसाच्या जिनातला ग्रुपफोटो, मागची रांग, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

वर्ध्याला स्टेशनाजवळ वासुदेवरावांचा स्टुडिओ. त्यांनी दाणा भिंगाखाली धरला.

"चेहरा मोठा करून देतो. पण खाली धड नाई. कोणाचं तरी धड पायजे."

लक्ष्मणरावांनी दाराशी उभ्या जयवंताकडे पाहिलं. "हे हाय ना."

ग्रुपफोटोतल्या उन्हाशी उजेड जुळला पाहिजे, म्हणून वासुदेवरावांनी खुर्च्या फिरवल्या. खिडकी डावीकडे आली. उजवीकडे सावली फार काळी पडू नये म्हणून पांढरं धोतर टांगलं. "गळ्यात काई जाड घाला, वहिनी. सांधा तिथं लपते."

लक्ष्मणरावांनी खिशातून एकदाणी काढली. सोन्याच्या मण्यांची. आनंदाबाईची. इतक्या वर्षांत जयवंताने ती घरात पाहिली नव्हती.

"अशी नको बसू," लक्ष्मणराव म्हणाले. "आनंदा खुर्चीले पाठ नोती टेकवत. हात मांडीवर. अंगठा मुठीत."

मेलेल्या बाईचा अंगठासुद्धा या माणसाला आठवत होता.

"माह्यं बसणं कसं हाय, सांगा बरं."

"फोटो निघून राह्यला. चूप बस."

वासुदेवराव कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले. आतून आवाज आला, "तोंडाची फिकीर नका करू, वहिनी. तोंड हललं तरी चालते. खांदे हलू देऊ नका."

जयवंताने खांदे हलवले. फोटोची काच वाया गेली. दुसरी काचही गेली.

"काऊन हलून राह्यल्या?"

"मले श्वास हाय ना अजून."

"कांताच्या सासरचे पाहतीन," लक्ष्मणराव हळूच म्हणाले. "पोरीच्या लग्नात तरी नको."

तिसऱ्यांदा खांदे हलले नाहीत. जयवंताने फक्त जीभ बाहेर काढली. तोंडाची फिकीर नव्हतीच.

(मोठा केलेला चेहरा ब्लेडने कापावा. कडा मागून घासून पातळ करावी. जाड राहिली तर तिचीच सावली पडते. धडावर चिकटवून सगळ्याचा नव्याने फोटो घ्यावा. उरलेलं पेन्सिलीने.)

एकदाणी परत खिशात गेली.

मांडवात फोटो लागला. बायका म्हणाल्या, जोडा शोभतो. आनंदाबाईचा भाऊ चंद्रभान कितीतरी वेळ बघत राहिला. "माही बहीण इतकी भरलेली नोती कधी," म्हणाला आणि त्याने मोगऱ्याचा हार काढला. लक्ष्मणराव तर समोर जिवंत उभे. म्हणून हार त्याने बहिणीच्या बाजूच्या खिळ्याला अडकवला. तो मानेपासून मांडीपर्यंत लोंबला.

जयवंता वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं, सगळ्या पाहुण्यांसमोर जाऊन हार ओढून काढला.

"कोणाले हार घालून राह्यले, भाऊ? मानेवर तुमची बहीण, मानेखाली मी. मी जिती आहो."

व्याहीणबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मंग पोरीची माय कोन? वरची का खालची?"

मांडव हसला. हळदीने माखलेली कांता पाटावरून उठायला लागली, तिला बायकांनी दाबून बसवलं. चंद्रभान पिशवीकडे गेला. मुलीच्या आईसाठी म्हणून माहेरचं लुगडं आणलं होतं, ते कोणाला द्यायचं हे सकाळपासून त्याला ठरवता येत नव्हतं. ते त्याने जयवंताच्या ओटीत टाकलं.

जयवंताने लुगडं घेतलं. नजर मात्र फोटोतल्या मुठीवर होती, आत लपलेल्या अंगठ्यावर. अंगठा तिचाच होता. तिला त्याचाही हेवा वाटला.

खुर्चीला पाठ न टेकवणारी आनंदाबाई आयुष्यात कधी खुर्चीवर बसली नव्हती.